उसना संघ

इतर गावांचे मला ठाऊक नाही. पण कोल्हापुरात महाविद्यालयाचा फुटबॉल संघ हा उसना असतो. ज्या मुलाच्या अंगात आपण ऑगस्टमध्ये महाविद्यालयाची जर्सी घालतो, तो त्याच्या कितीतरी आधी, पायात बूट घालण्याची ऐपत येण्याच्याही आधीपासून, कुठल्यातरी तालमीचा झालेला असतो. त्याचे चुलते, थोरले भाऊ, क्वचित वडीलही त्याच तालमीकडून खेळलेले असतात. आणि पावसाळा सरून शहरातील स्पर्धांचा मोसम सुरू झाला, की आपल्या संघातील डावा हाफ एका पेठेच्या बाजूने आणि डावा आउट दुसऱ्या पेठेच्या बाजूने, हजारो प्रेक्षकांच्या आरोळ्यांत, एकमेकांच्या नडग्या सोलण्यासाठी उभे राहतात. मधल्या अडीच-तीन महिन्यांपुरते हे वैरी एका नोंदवहीत, एका खर्चपटात आणि एका रंगात नांदवायचे, हे जिमखानाप्रमुखाच्या कामाचे खरे स्वरूप. चेंडूशी त्याचा संबंध दुय्यम.

हे काम माझ्याकडे 1977 च्या जूनमध्ये आले, आणि ते माझ्या अंगच्या कोणत्याही गुणामुळे आले नाही. मी इतिहासाचा अध्यापक. लहानपणी रबरी चेंडूला लाथ मारण्यापलीकडे फुटबॉलशी माझा परिचय नव्हता. परंतु आमचे शारीरिक शिक्षण संचालक सेवानिवृत्त झाले होते, त्या जागेवर नव्या नेमणुकीची मंजुरी वरून यायची होती, आणि तोवर ज्याचे दुपारनंतरचे तास मोकळे असतील अशा अध्यापकाच्या नावे प्राचार्यांनी प्रभारी म्हणून हुकूम काढला. हुकमाबरोबर एका कपाटाची किल्ली आली, जडसंग्रहाची नोंदवही आली, आणि त्या दोहोंपेक्षा मोलाचे असे जिमखान्याचे शिपाईमामा आले. मामा संस्थानच्या अमदानीत अनवाणी फुटबॉल खेळलेले. मैदानावरच्या प्रत्येक मुलाची वंशावळ त्यांना मुखोद्गत होती, आणि ‘हा उजव्या पायाचा कसा असंल? ह्याचा आजा डाव्या पायाचा’ अशा प्रकारचे त्यांचे निर्णय निवड समितीच्या ठरावांपेक्षा अधिक वेळा खरे ठरत. चामड्याचा चेंडू कोरडा असताना नियमाप्रमाणे 14 ते 16 औंस भरतो. कोल्हापूरच्या जुलैत तो अर्धा तास चिखलात लोळला, की त्याच्या वजनाची चौकशी न केलेली बरी. मामा रोज सायंकाळी प्रत्येक चेंडूच्या शिवणीत मेण भरीत, आणि त्या मेणाचा खर्च ‘किरकोळ’ या सदरात टाकण्याची युक्ती त्यांनीच मला शिकवली.

तालीम म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला थोडे सांगितले पाहिजे. शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला, त्याचे दृश्य स्मारक म्हणून लोक 1912 सालच्या खासबाग मैदानाकडे बोट दाखवतात. पण त्या आश्रयाचा विस्तार पेठापेठांतून, तांबड्या मातीचे हौद असलेल्या लहानमोठ्या तालमींतून झाला. तालीम ही केवळ कुस्तीची जागा राहिली नाही. तिथे गणपती बसतो, मोहरमात पंजेही बसतात, पेठेतील तंटे तिथे मिटतात आणि कित्येकदा तिथेच उपस्थित होतात. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1922 ते 1940 या काळात, फुटबॉलला राजाश्रय मिळाला, तेव्हा त्या खेळाने आपल्यासाठी वेगळे क्लब फारसे शोधले नाहीत. तो थेट या तालमींत शिरला आणि मल्लांची सारी अस्मिता, सारी ईर्ष्या त्याने आयती उचलली. म्हणूनच पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे कोल्हापूरच्या मुलाला वर्णमालेच्या आधी येतात, आणि शिवाजी पेठ व मंगळवार पेठ यांच्यामधील सीमारेषा महानगरपालिकेच्या नकाशापेक्षा त्याच्या मनात अधिक ठळक असते. महाविद्यालयाशी मुलाचा संबंध तीन-चार वर्षांचा, तालमीशी जन्माचा. या विषम सामन्यात आम्ही उतरत होतो.

त्यात त्या वर्षी एक नवेच विघ्न उभे होते. शिक्षणाचा 10+2+3 हा आकृतिबंध महाराष्ट्रात 1975 पासून सुरू झाला होता, आणि त्यामुळे अकरावी-बारावीचे वर्ग आमच्याच इमारतीत, आमच्याच फळ्यांसमोर भरत असले तरी त्यांत बसणारी मुले विद्यापीठाची विद्यार्थीच नव्हती. ती शिक्षण मंडळाच्या अखत्यारीत गेली होती. पूर्वी मॅट्रिक होऊन आलेला कोवळा, वाऱ्यासारखा पळणारा मुलगा पहिल्याच वर्षी संघात घेता येई. आता तोच मुलगा खिडकीतून आमचा सराव पाहत उभा राही आणि आम्हाला त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करावे लागे. असा एक सेंटर फॉरवर्ड बारावीच्या वर्गात होता. त्याच्या वडिलांनी येऊन मला विचारले, ‘सर, पोरगं तुमच्यातच शिकतंय न्हवं?’ त्यांना शैक्षणिक पुनर्रचनेचे तत्त्व समजावून सांगणे माझ्या वक्तृत्वाच्या आवाक्याबाहेरचे होते.

पात्रता अर्ज तीन प्रतींत भरायचे असत: शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून जन्मतारीख, शेवटच्या परीक्षेचा निकाल, प्रथम प्रवेशाचे वर्ष, मध्ये खंड पडला असल्यास त्याचे कारण, आणि शेवटी प्राचार्यांची सही व शिक्का. या कामात माझा जुलै गेला. मुलांचे दाखले घरी सापडत नसत. ते तालमीच्या लोखंडी पेटीत, गतसालच्या ढालींच्या शेजारी असत, कारण तिथल्या नोंदणीसाठीही तेच लागत. ज्याला सारी पेठ एका टोपणनावाने हाक मारते त्याचे खरे नाव मला दाखल्यावर प्रथम वाचायला मिळे, आणि कधीकधी त्याच्या सहकाऱ्यांनाही. उजवा आउट गुजरीत एका सराफाकडे सकाळी काम करी, गोली उद्यमनगरात लेथवर रात्रपाळी करून थेट सरावाला येई. त्यांच्या हजेरीपटाकडे पाहिले, की मला खेळाविषयी नव्हे, पण अर्थव्यवस्थेविषयी पुष्कळ काही उमगे. त्यांना तास बुडवल्याबद्दल रागावण्याचा अधिकार माझ्याकडे होता. तो मी जपून वापरला.

निवडचाचण्या भर पावसात झाल्या. खेळातले मर्म मला कळत नसल्यामुळे, काहीतरी करत आहोत असे दिसावे म्हणून मी रद्द झालेल्या जमाखर्चाच्या वहीच्या कोऱ्या पाठीवर बाण काढू लागलो. वर्गात पानिपतची किंवा पालखेडची मोहीम शिकवताना सैन्याच्या हालचाली दाखवायला मी जे बाण काढत असे, तेच येथे: चेंडू कोणाकडून निघाला, कोणाकडे गेला. दोन-तीन सायंकाळी असे केल्यावर पानावर एक आकृती दिसू लागली, आणि ती खेळाची नव्हती. बाणांचे चार पुंजके झाले होते. उजव्या बगलेवरची तीन मुले आपापसांत चेंडू फिरवीत होती, मधली दोन एकमेकांनाच शोधीत होती, आणि डावा हाफ आपल्या समोर, वीस पावलांवर, पूर्ण मोकळ्या उभ्या असलेल्या डाव्या आउटला ओलांडून चेंडू पार पलीकडे उजव्या इनकडे, म्हणजे आपल्या तालमीच्या गड्याकडे, हवेतून भिरकावीत होता. मी ते पान शिपाईमामांना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाले, ‘सर, ह्यो तर पेठांचा नकाशा काढलाय तुमी.’

डाव्या हाफला मी बाजूला घेतले. मुलगा सरळ होता, अभ्यासातही बरा. ‘अरे, डावा आउट एकटा उभा होता. त्याला का दिला नाहीस?’

त्याने खरोखर आठवून पाहिले. ‘दिसला न्हाई, सर.’

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने हे उत्तर उद्धटपणाचे मानले असते. पण मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. तो माणूस त्याला दिसतच नव्हता. लहानपणापासून त्या रंगाच्या जर्सीतील देह म्हणजे अडवायचा, पाडायचा, फसवायचा देह, अशी त्याच्या डोळ्यांची घडण झालेली. आता जर्सी बदलली म्हणून त्या देहाचा अर्थ कसा बदलावा? त्याचे डोळे त्याला गैरसोयीच्या वस्तूसारखे वगळून पुढे जात. दरबारी बखरकार ज्या सहजतेने प्रतिपक्षाचे पराक्रम गाळून टाकतात, ती सहजता मी आयुष्यभर ग्रंथांत पाहिली होती. चिखलात धावणाऱ्या वीस वर्षांच्या मुलात ती पहिल्यांदाच भेटली.

उपदेशाचा मार्ग बंद होता. आमच्या आधीच्या संचालकांनी तो पुष्कळ चोखाळला होता, असे मामांनी सांगितले. पण कोल्हापुरात ‘सगळे एक होऊन खेळा’ असे सांगणारा माणूस स्वतः कुठल्या पेठेचा, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आधी उभा राहतो आणि उत्तर मिळताच उपदेशाची किंमत शून्य होते. उपाय सापडला तो योजनेने नव्हे, प्रवेशाच्या दुसऱ्या यादीमुळे. गडहिंग्लजचा एक मुलगा दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे दाखल झाला. शाहू महाराजांनी जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे उभी करवली, त्यांपैकी एका बोर्डिंगात तो राहत होता. सडपातळ, मितभाषी, डोक्याला भरपूर तेल. गडहिंग्लजलाही फुटबॉलचे वेड जुने आहे. तेव्हा खेळ त्याला उत्तम येत होता, आणि कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीचे त्याच्यावर मालकी हक्काचे दावे नव्हते. त्याला मध्यभागी, सेंटर हाफ म्हणून उभा केला, आणि दुसऱ्याच सायंकाळी माझ्या वहीतील आकृती पालटली. चारही पुंजक्यांतून बाण त्याच्याकडे येऊ लागले. परक्या पेठेच्या मुलाला चेंडू देण्यात जो कमीपणा वाटे, तो याला देताना वाटत नसे. याला देणे म्हणजे कोणालाच न देणे होते. आणि तो मात्र ज्याच्या पायासमोर जागा दिसेल त्याला देई. अशा रीतीने डाव्या हाफचा चेंडू डाव्या आउटकडे, गडहिंग्लजमार्गे, पोचू लागला.

त्याला खेळवण्यासाठी त्याच्या पूर्वीच्या महाविद्यालयाचा बदलीचा दाखला हवा होता. तो पत्रोपत्री येईना, म्हणून मी एसटीने स्वतः गेलो. कारकुनाने दफ्तर काढून शांतपणे दाखवले, की विद्यार्थ्याकडे ग्रंथालयाचे एक पुस्तक बाकी आहे. पुस्तक निघाले सहकारी संस्थांच्या कायद्यावरचे, आणि ते त्याने एका मित्राला वाचायला दिले होते, जो ऊसतोडीच्या टोळीबरोबर मुकादम म्हणून परगावी गेला होता. पुस्तकाची किंमत व दंड मी भरला, पावती घेतली, आणि सांघिक खेळाच्या इतिहासात सहकाराच्या कायद्याने एवढी अडवणूक क्वचितच केली असेल, असा विचार करत परत आलो.

कोल्हापूर विभागाचे सामने ऑगस्टअखेर झाले. त्यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही: एका संघाने चाल दिली, दोन संघांना आम्ही हरवले, आणि अंतिम सामना एका गोलने जिंकलो, तो गोल इतक्या चिखलात झाला की कोणाच्या पायाने झाला याची चर्चा अजून चालू असेल. सामन्याइतकाच रंगला तो त्यानंतरचा हरकत अर्ज. प्रतिपक्षाच्या प्राध्यापकांनी शुल्क भरून लेखी तक्रार रुजू केली की आमचा उजवा आउट वेतन घेऊन काम करतो, सबब तो हौशी खेळाडू नव्हे. समितीने माझा खुलासा मागवला. मी रात्री बसून तो लिहिला, आणि नम्रपणे सांगायला हरकत नाही की माझ्या प्रकाशित लेखनात त्या तोडीची मुद्देसूद रचना दुसरी नाही. सदरहू विद्यार्थी सराफी पेढीवर बांगड्यांना झील देण्याचे काम करतो. त्याबद्दल त्यास मिळणारा मोबदला बांगड्यांच्या संख्येवर अवलंबून आहे, गोलांच्या संख्येवर नाही. आणि त्याने आजवर केलेल्या गोलांची संख्या विचारात घेता ती पद्धत त्याच्या हिताचीच आहे. हरकत फेटाळली गेली. शेवटचे वाक्य मात्र प्राचार्यांनी टंकलेखनापूर्वी खोडायला लावले होते.

आंतरविभागीय सामन्यांचे वेळापत्रक आले, आणि संघात एकदम मौन पसरले. ते वर्ष अधिक मासाचे. गणपती उशिरा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात आले होते, आणि कराडला होणारे हे सामने नेमके अनंत चतुर्दशीच्या आदल्या दोन दिवशी होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत तालमीच्या गणपतीपुढे नसणे म्हणजे काय, हे ज्याने कोल्हापूरची ती रात्र पाहिली नाही त्याला कळणार नाही. चौघाजणांनी आजारपणाचे अर्ज आणून दिले. चारही अर्जांचे हस्ताक्षर एकच होते. मी ते बारनिशीत न नोंदवता परत केले आणि त्या-त्या तालमीच्या वडीलधाऱ्यांकडे शिपाईमामांना पाठवले. मामांनी तिथे काय भाषण केले ते मला कधी कळले नाही. परंतु शनिवारी पहाटे एसटी स्थानकावर सगळेजण हजर होते, आणि दोन तालमींनी प्रवासासाठी चुरमुऱ्याचे लाडू दिले होते. ते लाडू वेगवेगळ्या पिशव्यांत होते, हे सांगायला हवे. पेठनाक्यापर्यंत ज्याने त्याने आपापल्या पिशवीतले खाल्ले. पुढे रस्त्याचे काम चालू असल्याने गाडी तासभर अडकली, आणि त्या तासात पिशव्यांची सरमिसळ झाली.

कराडला एका शाळेच्या दोन वर्गखोल्यांत आमची सोय होती. बाके भिंतीला लावून सतरंज्या पसरल्या. शाळेचा गणपती शेजारच्याच दालनात होता, आणि सायंकाळच्या आरतीला आमचे सगळे खेळाडू, उपांत्य सामना जिंकून आल्याने अंग ठणकत असतानाही, हटकून उभे राहिले. कोणत्या तालमीला अधिक आरत्या पाठ आहेत याची चढाओढ लागली आणि शाळेचे बिचारे पुजारी प्रसादाचे ताट हातात धरून तिष्ठत राहिले. गोली मुसलमान होता. त्याच्या तालमीत गणपती आणि पंजे दोन्ही बसत असल्यामुळे त्याला आरत्या इतरांपेक्षा अधिक येत होत्या, आणि त्या फेरीत तोच जिंकला.

रविवारी सकाळी मामा चहाबरोबर वर्तमानपत्र घेऊन आले, आणि त्या पत्रात पेले होता. आदल्या दिवशी, 24 सप्टेंबरला, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर न्यू यॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून तो मोहन बागानविरुद्ध खेळला होता. मैदान पावसाने भिजलेले, आणि सामना 2-2 असा बरोबरीत सुटला होता. मोहन बागानचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते. हे नाव मला 1962 पासून माहीत होते, कारण जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून आपण सुवर्णपदक मिळवले, त्यातला एक गोल त्यांचा. पण मुलांचे लक्ष तिकडे नव्हते. मोहन बागानच्या गोलीचे नाव शिवाजी बॅनर्जी आहे, हे वाचल्याबरोबर शिवाजी पेठेच्या मुलांनी तो आपला असल्याचे जाहीर केले. मंगळवार पेठेने त्याला कडाडून हरकत घेतली. आमचा गोली एकटा कोपऱ्यात बसून बातमीतला तेवढाच परिच्छेद पुन्हापुन्हा वाचत होता. त्याने मला विचारले, ‘सर, पेले बी चिखलात खेळला म्हणं?’ मी म्हणालो, होय, छापले तरी आहे. त्याने मान हलवली, आणि दुपारी तो ज्या रीतीने खेळला तिला या माहितीचा हातभार लागला असावा, असे मानायला मला आवडते.

अंतिम सामना मिरजेकडच्या मुलांचा भरणा असलेल्या एका संघाशी होता. मिरज हे रेल्वेच्या जंक्शनचे गाव, तिथेही हा खेळ खोलवर रुजलेला. ती मुले आमच्यापेक्षा अंगाने थोराड आणि, महत्त्वाचे म्हणजे, बहुतेक एकाच मैदानावर वाढलेली. त्यांच्या बाणांचे पुंजके पडत नव्हते. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखले की आमचा सारा खेळ मध्यावरच्या एका सडपातळ मुलातून वाहतो, आणि त्यांनी त्याच्यावर दोन माणसे नेमली. गडहिंग्लजचा रस्ता बंद झाला. पूर्वार्धात आम्ही जे खेळलो ते पाहून मामांनी तोंड फिरवले होते. गोलीने तीन चेंडू असे अडवले की त्यांतला एकही अडवण्याजोगा नव्हता. चौथा त्याच्या बोटांना लागून आत गेला.

उत्तरार्ध निम्मा संपला तेव्हा ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे सारे लिहायला घेतले. डाव्या हाफकडे चेंडू होता. त्याने सवयीने मध्याकडे पाहिले; तिथे गडहिंग्लजचा मुलगा दोघांच्या मध्ये कोंडलेला. त्याने पलीकडे उजव्या इनकडे पाहिले; तोही झाकलेला. मग त्याने समोर पाहिले. मी रेषेवर, त्याच्यापासून फार दूर नव्हतो, म्हणून ठामपणे सांगतो की त्याने क्षणभर, एखादा अनोळखी माणूस प्रथम पाहावा तसे, डाव्या आउटकडे पाहिले. आणि चेंडू जमिनीसरसा, लांब, दोन बॅकांच्या मधून, त्याच्या धावेच्या पुढे सोडला. डावा आउट त्यावर पोचला. त्याने मारलेला फटका आडव्या दांडीला लागून मैदानाबाहेर गेला.

त्यातून गोल झाला नाही. सामना आम्ही एका गोलने हरलो, आणि ढाल मिरजेकडे गेली. परंतु कराडहून परतताना, रात्रीच्या गाडीत, मागच्या बाकावर जो वाद पेटला तो मी डोळे मिटून, झोपेचे सोंग घेऊन, अक्षर न् अक्षर ऐकला. ‘जरा लांब पडला बघ तुझा.’ ‘लांब कशाचा? तू उशिरा सुटलास.’ ‘सुटणार कवा? तू देशील असं वाटलंच न्हाई मला.’ यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग डावा हाफ म्हणाला, ‘मलाबी न्हवतं वाटलं,’ आणि पुन्हा चेंडू किती लांब पडला यावर हुज्जत सुरू झाली, ती कावळा नाक्यापर्यंत पुरली.

हंगामाचा उर्वरित भाग दफ्तरी स्वरूपाचा आहे. सेंटर हाफ आणि गोली विद्यापीठाच्या संघात निवडले गेले, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले, आणि पहिल्या फेरीत हरून परत आले. गोलीला एकही मिनिट खेळायला मिळाले नव्हते, पण प्रवासाच्या गप्पा त्याला वर्षभर पुरल्या. माझ्या खर्चपटावर लेखापरीक्षकांनी शेरा मारला: ‘लिंबे 3 डझन, प्रयोजन काय?’ मध्यंतरात खेळाडूंना लिंबू व मीठ देण्याची वहिवाट आहे, असा खुलासा मी केला. त्यावर, वहिवाटीस आधारभूत परिपत्रक जोडावे, असा उलट शेरा आला. दोन जर्सी जमा झाल्या नाहीत. त्यांची रक्कम अनामतीतून वळती करावी, असा माझाच प्रस्ताव होता, पण त्यांतील एक जर्सी उद्यमनगरात लेथवर वाकलेल्या एका पाठीवर मी स्वतः पाहिली, आणि तिचा रंग इतका उतरलेला होता की ती जडसंग्रहातून निर्लेखित करणे मला अधिक नियमशीर वाटले.

डिसेंबरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने सुरू झाले. मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. आता तिकीट काढून गेलो, आणि प्रेक्षकांत गडहिंग्लजचा मुलगा भेटल्यावर त्याच्या शेजारी बसलो. खाली आमचा डावा हाफ एका रंगात, डावा आउट दुसऱ्या रंगात. डावा आउट त्या दिवशी हैराण झाला. तो जिकडे वळेल तिकडे डावा हाफ, आता समोरच्या बाजूला जागा बदलून, आधीच उभा. त्याची धाव कुठे सुटणार, कोणत्या पायावर चेंडू घेणार, खांदा कधी पाडणार, हे सारे याला पाठ झालेले. एकदा त्याने इतक्या स्वच्छपणे चेंडू काढून घेतला की दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांतून दाद आली. माझ्या शेजारचा मुलगा हसला. ‘सर, आता दिसतोय बघा त्याला.’

मध्यंतरात दोन निरनिराळ्या तालमींची वयस्क, फेटेवाली माणसे, दहा मिनिटांच्या अंतराने, येऊन त्याच्या पलीकडे टेकली, त्याच्या बोर्डिंगातील जेवणाची विचारपूस करून गेली. पुढच्या मोसमासाठी नोंदणी कुठे करावी, हे त्याने मला विचारले. मी म्हणालो, हा प्रश्न जिमखान्याच्या अखत्यारीत येत नाही. मार्चपूर्वी त्याने एका तालमीच्या अर्जावर सही केली, आणि ते मला मामांकडून समजले. म्हणजे येत्या जूनपासून त्याला चेंडू देणे हे कोणालातरी देणे होणार होते. त्याच आठवड्यात मी बोर्डिंगाच्या अधीक्षकांना एक पत्र टाकले, की आजरा, चंदगड किंवा राधानगरी भागातून पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांत कोणी फुटबॉल खेळणारे असल्यास, कृपया नावे कळवावीत.